सात्या तिकडं, बाटली इकडं

आमच्या भागात प्यायची एक रीत आहे. आधी प्यायचं, मग जेवायचं. ग्लासाजवळ चिवडा चालतो, शेंगदाणे चालतात, फार तर वाटीत मटणाचे दोन तुकडे चालतात. पण एकदा भाताला हात लागला की ग्लास पालथा. जेवता जेवता पिणारा माणूस मी साठी उलटेपर्यंत पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याला डोक्याने अर्धा म्हटलं असतं. ही रीत मोडली माझ्या शेजाऱ्याने, गुणवंतराव ठेंगरीने. बरं, मोडली ती मोडली, वर मलाही त्यात ओढलं.

गुणवंता माजरीच्या कोळसा खाणीत ओव्हरमन होता. म्हणजे पाळीतल्या माणसांवर आणि त्यांच्या डोक्यावरच्या छतावर नजर ठेवणारा. मी त्याच खाणीत हॉलेजवर, कोळशाचे डबे ओढणाऱ्या यंत्रावर. रिटायर झाल्यावर दोघांनी वरोऱ्यात भिंतीला भिंत लावून घरं बांधली. माणूस मोठा हौशी. कुठलीही नवी गोष्ट हाती लागली की ती अर्धी समजून घ्यायची आणि जोर मात्र पुरा लावायचा, हा त्याचा जन्माचा गुण. कुणीतरी योगासनं शिकवली, तर हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाळीला शीर्षासन करायला लावत होता. खाणीत उतरायच्या आधीच दोघांच्या माना आखडल्या.

त्याची बायको भागीरथाबाई आरमोरीची. आरमोरी वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोली जिल्ह्यात. त्या जिल्ह्यात बायांनी मोर्चे काढून काढून सरकारकडून दारूबंदी करवून घेतली होती. तिचा भाऊ लटारू आणि भावजय सुकरी अजून तिथंच धान पिकवतात, आणि सुकरी त्या मोर्च्यांत पुढं असायची. भागीरथाबाई म्हणायची, "माह्या माहेरी बायाईनं जिल्हाच बंद केला. मी आपलं घर तरी बंद केलं." म्हणून गुणवंताची बाटली राहायची माझ्या घरी. माझी बायको लवकर गेली, मला अडवणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी माझ्या ओसरीवर बैठक बसायची.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता दुसरी बाजू सांगतो. भागीरथाबाईच्या हाताला अशी चव की तिच्या घरून माझ्याकडं वाटी आली की मी वाटीसुद्धा चाटून परत करायचो. आणि ज्याच्यासाठी ती रांधायची, तो माझ्या ओसरीवरून पोटभर चिवडा खाऊन घरी जायचा, थंड भात इकडचा तिकडं करायचा आणि झोपायचा. ती त्याच्यानंतर एकटी बसायची. नोकरीत होता तोवर, खाणीच्या क्वार्टरातही आम्ही शेजारीच, हे फक्त शनिवारी चालायचं. रिटायर झाला आणि रोजचाच शनिवार झाला.

यांची एकुलती एक पोरगी दिव्यानी. नागपुरात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि गेली थेट न्यूझीलंडला, तिथल्या दक्षिणेकडच्या थंड मुलखात. एका द्राक्षमळ्याच्या हॉटेलात नोकरी. दोन हजार सहाच्या मे महिन्यात सुटीवर आली तेव्हा बापासाठी लाल वाईनच्या दोन बाटल्या घेऊन आली. पिनो न्वार असं त्या द्राक्षाचं नाव. गुणवंताने ते पाठ केलं, मी केलं नाही. नियमाप्रमाणे बाटल्या माझ्याच घरी आल्या. दिव्यानीने बापाला समोर बसवून सांगितलं, "बाबा, हे पेग माराचं काम नोहे. बर्फ नाई, सोडा नाई. रूम टेम्परेचरले ठेवा, अर्धा तास आधी उघडा, थोडी हवा लागू द्या. अन् जेवनासोबत घ्या." बापाने मान डोलावली. ती विमानात बसायच्या आत त्याने नागपूरहून बूच काढायचा स्क्रूही मागवला. बाटलीचं झाकण निघालं फिरकीचं, सरबताच्या बाटलीसारखं. मला तेव्हाच शंका आली की माल हलका आहे.

पहिली बाटली आम्ही ती परत गेली त्याच आठवड्यात उघडली. वरोऱ्याचा मे महिना कसा असतो ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. माझी ओसरी पत्र्याची. दुपारी पत्र्याखाली कणीक ठेवली तर पोळी व्हावी. त्याच ओसरीवर गुणवंताने बाटली दिवसभर 'रूम टेम्परेचरला' ठेवली आणि संध्याकाळी झाकण काढून हवा लागावी म्हणून लूच्या, म्हणजे गरम वाऱ्याच्या, झोतात उभी केली. मी झणझणीत मटण मागवलं होतं, भिवापुरी मिरचीचं, तोंडात टाकलं की कान वाजतात असं. पहिला घोट घेतला. काढा! सर्दी झाल्यावर आजी जबरदस्तीने पाजते तो गरम काढा. वरून मटणाचा जाळ. गुणवंताच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी म्हणाला, "उंची चीज आहे, सवयीनं समजन." मी माझ्या ग्लासात सोडा ओतला आणि बर्फ टाकला. तेही बेकार लागलं. आम्ही ती बाटली औषध संपवावं तशी संपवली.

रविवारी दिव्यानीचा फोन आला. गुणवंताने सगळं सांगितलं. ती आधी हसली आणि मग खरोखर चिडली.

"बाबा, इकडची रूम म्हणजे स्वेटर घालून बसाची रूम! इथं मे महिन्यात बर्फ पडते!"

मग तिने नीट समजावलं, आणि मीही कान लावून ऐकलं. थंड मुलखात द्राक्ष हळूहळू पिकतं. ऊन कमी, म्हणून गोडी कमी आणि आंबटपणा टिकतो. या द्राक्षाची साल पातळ, म्हणून वाईन पातळ, रंगही आरपार दिसणारा. तिच्यात जोर नसतो, वास असतो. उष्णतेने आणि तिखटाने तो वास मरतो. माठातल्या पाण्याइतकी गार करायची, आणि सोबत मासोळी, बदक, रानातलं मशरूम, ज्याला मातीचा वास आहे असं काही. "अन् जेवता जेवता, बाबा. आधी नाई, मागून नाई."

झालं, गुणवंताला नवं खूळ मिळालं. उरलेली बाटली जपून ठेवायची आणि सराव साध्या मालावर करायचा, असं त्याने ठरवलं. वरोऱ्याच्या दुकानातून त्याने नाशिककडची लाल वाईन आणली आणि माझ्या ओसरीची प्रयोगशाळा केली. आलूबोंड्यासोबत एक घोट, तर्री-पोह्यासोबत एक घोट, सुक्या मासोळीसोबत एक घोट. सुक्या मासोळीसोबत तर लोखंडाचा खिळा चोखल्यासारखं लागलं. पण हळूहळू त्याची जीभ बोलायला लागली हे मान्य करतो. मला, म्हणजे पत्रूला, म्हणायचा, "पत्र्या, ही उन्हाच्या मुलखातली आहे. जाड आहे, गोडसर आहे, हिले भारी खाणं पाह्यजे. दिव्यानीवाली कशी पातळ होती, आठवते? आपण तिले मटणाखाली चेंगरली बे." एवढं शहाणपण त्याला खाणीत सुचलं असतं तर मॅनेजर झाला असता.

जूनच्या शेवटी त्याने कमाल केली. भागीरथाबाईने भरली वांगी केली होती, जवसाचं कूट घालून. वास आमच्या भिंतीवरून आला. गुणवंता उठला, घरात गेला आणि चुलीवरचं पातेलं फडक्यात धरून तसंच माझ्या ओसरीवर घेऊन आला. पोरगी म्हणाली जेवणासोबत, म्हणून जेवण आणलं, असा त्याचा सरळ हिशेब. वांगी अप्रतिम होती आणि त्या जाड वाईनसोबत अजूनच रंगली. आम्ही दोघांनी पातेलं पुसून खाल्लं आणि 'वा वा' करत राहिलो.

भागीरथाबाई भिंतीपाशी आली तेव्हा तिच्या हातात पोळ्यांची टोपली होती. तिने रिकाम्या पातेल्यात पाहिलं. नवऱ्याशी ती बोललीच नाही, माझ्याशी बोलली.

"पत्रूभाऊ, दारूचा राग होता मले, तो कधीचा विझला. मले राग ताटाचा आहे. एवढी वर्सं हे माणूस माह्यासमोर बसून गरम जेवलं नाई. आता तर भाजीच उठून तुमच्या घरी आली. मंग मी इथी कोणासाठी रांधून राह्यली?"

तिसऱ्या दिवशी ती धानाच्या रोवणीसाठी आरमोरीला निघाली. दरवर्षीच जायची, पण या वेळी ट्रंक घेऊन निघाली. बसजवळ गुणवंताने विचारलं, "कधी येशीन?"

"पाहू. तिथी जेवाले मानसं आहेत," ती म्हणाली.

गुणवंताला काही कळलंच नाही. रस्ताभर मला म्हणत होता, "मी तं तिची तारीफ करून राह्यलो होतो ना बे!" मी पुढं चालू लागलो, कारण पातेल्यातली अर्धी वांगी माझ्या पोटात होती.

रोवणी झाली, ती आली नाही. श्रावण लागला. श्रावणात आम्ही पीत नाही, मटण खात नाही. गुणवंता खानावळीचा डबा खायचा आणि अर्धा परत पाठवायचा. लटारूच्या घरी फोन केला की सुकरी उचलायची आणि म्हणायची, बाई वावरात गेल्या. पोळा झाला. बैलं सजली, मिरवली, घरी गेली. भागीरथाबाई आली नाही. मी म्हटलं, आता तरी मोकळे झालो, चल, ती दुसरी बाटली उघडू.

"कोनासंग?" तो म्हणाला.

"कोनासंग म्हणजे? मी मेलो काय?"

"तू जेवत नाई, पत्र्या. तू चकना टोचतो."

मला राग आला. तीस वर्षांची बैठक, आणि हे ऐकायचं! पण तो पुढं म्हणाला, "ती येनार नाई, पत्र्या. मले भेव लागून राह्यलं." एकदा खाणीत आमच्यापासून हातभरावर छत बसलं होतं, तेव्हाही या माणसाच्या तोंडून भेव हा शब्द निघाला नव्हता. मग माझा राग गेला आणि मलाही वाईट वाटलं.

दोन दिवसांनी लटारूचाच फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी करून म्हणाला, "बाई पहाटीच सुकरीसंग रानात गेली होती. टोपलीभर सात्या आणल्या." सात्या म्हणजे पावसाळ्यात रानातल्या वारुळांवर उगवणाऱ्या मशरूमच्या छत्र्या. मोजके दिवस निघतात, बाजारात मटणाच्या वर भाव घेतात, आणि शिजताना घरभर ओल्या मातीचा वास सुटतो. गुणवंताने फोन ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी समजलो.

"मातीचा वास! दिव्यानी हेच सांगून राह्यली होती. पत्र्या, सात्या तिकडं, बाटली इकडं, मधात वैनगंगा. मी उद्या बाटली घेऊन जातो."

मी कपाळावर हात मारला. "अबे, दारूबंदीचा जिल्हा आहे तो! पुलावर गाड्या तपासतात."

"काढ्याच्या बाटलीत ओतून नेतो. पहिल्या खेपेले काढाच लागली होती ना?"

"अन् समजा पोचलास. त्या बायाईनं रस्त्यावर उतरून जिल्हा बंद केला, तुह्यी साळभावजय त्याच्यात होती. तिच्या चुलीपुढं तू बाटली घेऊन बायकोले मनवाले बसशीन? सुकरी तुले वैनगंगेत टाकन अन् मी काठावरून पाहीन."

 मग त्याने पुन्हा लटारूला फोन लावला आणि या वेळी हट्टच धरला की बाईला फोनवर बोलाव, नाहीतर मी ठेवत नाही. ती आली. मी शेजारी होतो, त्यामुळं त्याचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं.

"भागीरथा, मी तिकडं येत नाई. तू नदीच्या इकडच्या काठावर ये. ब्रह्मपुरीकडं पत्रूच्या साळ्याचं, डोमाचं वावर आहे, तिथी घर आहे. सात्या करून आण. मी दिव्यानीची बाटली आनतो. आपण दोघं जेवू. तू बसल्याबिगर मी घास घेनार नाई." एवढं छान बोलला, आणि मग न राहवून म्हणाला, "अन् तिखट कमी टाकजो."

पलीकडून ती एवढ्या जोरात बोलली की मला ऐकू आलं. "कमी तिखट आजाऱ्याले देतात!"  मग म्हणाली, "एक जेवण. मंग मी वापस आरमोरीले."

आम्ही वरोऱ्याहून चिमूर, नागभीड करत निघालो. बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून गुणवंताने खिडकीजवळ धरली होती, वारा लागावा म्हणून. टॉवेल सुकला की तो प्रत्येक स्टँडवर उतरून नळाखाली भिजवून आणायचा. कंडक्टरने विचारलं, बाळ आजारी आहे काय? हा म्हणाला, हो.

डोमा आणि त्याची बायको निंदणाला गेले होते, घराची किल्ली शेजारी होती. आम्ही बाटली मानेपर्यंत माठात बुडवली. दुपारच्या बसने भागीरथाबाई आली. हातात पितळी डबा आणि भाताचं गंज, बाकी काही नाही. पिशवीसुद्धा नव्हती. ते पाहून गुणवंताचं तोंड उतरलं. मी दोघांना घरात सोडून बाहेर खाटेवर बसलो, पण दार उघडं होतं आणि मी काही आंधळा-बहिरा नाही.

तिने डोमाच्या चुलीवर सगळं गरम केलं, सवयीने एकच ताट वाढलं आणि बाजूला उभी राहिली. चिन्नोरचा भात, त्याच्यावर सात्यांची भाजी, जवसाच्या तेलात कांदा-लसणावर परतलेली. वाफ निघत होती. गुणवंता हात मांडीवर ठेवून बसला.

"तुह्यं ताट?"

"मी मागून."

"मंग मीबी मागून."

भात थंड होताना पाहणं त्या बाईला जमत नाही. थोडा वेळ ती ताटाकडं पाहत राहिली, मग 'काय जिद्द बापा' म्हणत डोमाच्या फळीवरून दुसरं ताट काढलं, वाढून घेतलं आणि त्याच्या समोर बसली. गुणवंताने चहाच्या ग्लासात दोन बोटं वाईन ओतली. जांभळं धुतलेल्या पाण्याचा रंग. एक घोट घेतला, एक घास खाल्ला, परत एक घोट. मग डोळे मिटून हसला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हे दोघं एका गावचे आहेत, भागीरथा."

तिने ग्लास उचलून वास घेतला. प्यायली नाही, पण वास मात्र दोनदा घेतला. "पालापाचोळा उकरला का असाच वास येते," ती म्हणाली. "पहाटी सात्या उपटून राह्यली होती ना, तवा हाच वास होता." मग ताटातली भाजी चाखून नाक मुरडलं. "लसूण जास्त झाली. लसूण त्याले दाबून टाकते."

पुढं ते दोघं बोलत होते. रोवणीचं, दिव्यानीचं, सुकरीच्या गुडघ्याचं. गुणवंताने भात मागितला, पुन्हा मागितला, आणखी एकदा मागितला. बोलण्याच्या आणि खाण्याच्या नादात ग्लास तसाच राहिला. माझ्या ओसरीवर त्याचा ग्लास असा कधी राहिला नव्हता, हे मीच सांगू शकतो. तीही ते पाहत होती. गंज खरवडून त्याच्या ताटात शेवटचा भात टाकताना तिच्या तोंडावर हसू होतं.

मग तिने मला हाक मारली. "पत्रूभाऊ, पहारा देऊन राह्यले काय? या, तुमच्या वाट्याचं ताट झाकून ठेवलं आहे." मी गेलो, जेवलो, आणि त्या पातळ वाईनचा घोटही घेतला. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. जेवता जेवता प्यायची ती माझी पहिली वेळ. वेड्यासारखं काही वाटलं नाही.

आरमोरीच्या बसची वेळ झाली. बाटली बरीच उरली होती. दिव्यानीने सांगितलं होतं, उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवा, नाहीतर मरते. गुणवंताने झाकण फिरवलं आणि खाली मान घालून बाटली माझ्याकडं केली.

"घे पत्र्या. तुह्या घरी ठेव."

"त्याईच्या घरी काऊन?" भागीरथाबाई म्हणाली. ती डब्याला फडकं बांधत होती. "दिव्यानी मासोळीबी म्हणत होती ना? उद्या मासोळी करीन. लसूण कमी."

"उद्या?" गुणवंताची बाटली तशीच हातात राहिली. "उद्या कुठी?"

"कुठी म्हणजे? वरोऱ्याले. आपल्या घरी. लटारूले फोन करा, माही ट्रंक सकाळच्या गाडीत टाकून दे म्हणा."

 गुणवंताने तिघांची उष्टी ताटं उचलली, मागं डोमाच्या न्हाणीपाशी गेला आणि राख घेऊन घासायला बसला. जन्मात त्याने ताट घासलं नव्हतं. आम्ही घरात बसून होतो, आणि भांड्यांच्या आवाजात मधून मधून त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. फोन शेवटी मीच केला.